शेवटचे दोन आकडे

सहकारनगर, तळजाईच्या उताराकडचा पट्टा,
रोजची एकशेऐंशी मीटरं.
पेटी उघडायची, फोटो काढायचा, पेटी लावायची.
माणसं फारशी भेटत नाहीत.
भेटलीच तर विचारतात, बिल एवढं कसं येतं हो?

पेटीत मात्र कोणी ना कोणी असतंच.
लांब पायांचा कोळी, वारा लागला तरी
जागच्या जागी झुलत राहतो, दिसेनासा होईस्तोवर.
घाबरवतो की घाबरतो, सात वर्षांत कळलं नाही.
तारांमागे पालीची दोन अंडी,
पेपरमिंटच्या गोळ्यांएवढी,
फ्यूजच्या उबेला चिकटलेली.
एकदा गोगलगाईचं पिल्लू,
नावाच्या चिठ्ठीवर,
अर्धं आडनाव खाऊन झोपलेलं.

सुरुवातीला माझ्याकडे लोखंडी पट्टी होती.
पेटीवर दोनदा हाणायची, मग आत फिरवायची.
विंचू निघतो म्हणून साहेबांनीच शिकवलेलं.
विंचू एकदाही निघाला नाही.
निघाली ती पाल, बिजागरीत अर्धी,
गेल्या महिन्यात मीच लावलेल्या दारात.
वाळून इतकी पातळ झालेली
की बोटं मोजता येत होती.
पाच. चारी पायांना पाच-पाच.
मी माझी मोजली, उगाच.

तेव्हापासून दार लावताना थांबतो.
श्वासभर. जास्त नाही,
एकशेऐंशी मीटरं असतात.

मार्चमध्ये, प्राजक्त सोसायटी, मीटर नऊ,
ग्राहक मु. रा. सबनीस,
काचेवर कुंभारणीनं घर बांधलेलं.
माशीच ती, कंबर सुताएवढी,
पण आमच्याकडे सासवडला तिला कुंभारीणच म्हणतात.
टाकीच्या गळक्या नळाखालचा चिखल,
ज्वारीच्या दाण्याएवढा एकेक गोळा,
खेपा किती ते तिलाच ठाऊक.
तिचं रीडिंग कोणी घेत नाही.
बरोब्बर शेवटच्या दोन आकड्यांवर लिंपलेलं:
चार, सात, आणि पुढे माती.

नखानं उडालं असतं.
नख टेकवलंही होतं मी.
आत काय असतं ते लहानपणीच फोडून पाहिलंय:
हिरव्या अळ्या, डंखानं लुळ्या केलेल्या, जिवंत,
आणि त्यांच्यावर पोसणारं तिचं एकुलतं एक.
गोड असं काही नव्हतंच त्यात.
बाजू घ्यायची वेळ आली असती
तर मी बहुतेक अळ्यांची घेतली असती.
पण मला कोणी विचारलं नव्हतं.
नख काढलं. 'दार बंद' असा शेरा मारला
आणि सटकलो.

एप्रिलमध्ये सबनीस खालीच उभे,
हातात सरासरीचं बिल, चार घड्या घातलेलं.
'दार बंद? दोन्ही गुडघे बदललेत माझे,
मी जाणार कुठे?'
काय सांगणार. पेटी उघडून बाजूला झालो.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
नाक जवळजवळ काचेला लावलं.
मातीला एक भोक होतं, गोल,
कंपासनं काढल्यासारखं.

'गेली?'
'ती कधीच गेली. हे पोरगं गेलं.'
'कुठे?'
मी तळजाईकडे हात केला, उगाचच.
तेही तिकडे बघत राहिले, बराच वेळ,
सूनमुलगा विमानात बसल्यावर माणसं बघतात तसे.

मग खिशातून बॅटरी काढून भोकात मारली.
आत काच. काचेमागे आकडा.
'तीन आहे,' सबनीस म्हणाले,
'चार, आठ, तीन. लिहा.'
'आणि शेवटचा?'

शेवटचा अजून मातीखाली होता,
शेजारच्या खोलीत, जिचं तोंड बंद होतं.

याच माणसानं एकदा
एकवीस रुपयांच्या फरकासाठी
मला पायऱ्या चढून परत बोलावलं होतं.
त्यांनी बिलाची घडी उलगडली, पुन्हा घातली.
'नऊ लिहा,' म्हणाले.
'जास्तीत जास्त नऊच असणार ना?
नऊ लिहा.
आणि ते दार जरा हळू.'